दादाच्या दुर्बिणीला कोणी हात लावला?

माझा थोरला भाऊ तापसुद्धा दोन थर्मामीटर लावून बघतो. एकट्या आकड्यावर त्याचा भरवसा नाही. दोन्हींत फरक पडला, की तो ताप विसरतो आणि या दोघांत खोटं कोण बोलतंय, याच्या मागे लागतो. एकदा मी पांघरुणात कुडकुडत पडले होते आणि दादा खिडकीशी उभा राहून दोन काचेच्या नळ्या उजेडात धरून आलटून पालटून बघत होता. शेवटी वहिनीने येऊन माझ्या कपाळावर हात ठेवला आणि गोळी दिली.

आमची आई म्हणायची, हा जन्मला तेव्हा रडला नाही, आधी सगळ्यांकडे रोखून बघितलं. मला ते खरं वाटतं. दुकानदाराने सुटे पैसे दिले तर हा नोटा उजेडात धरतो. कोणी उगाचच गोड बोललं तर घरी येऊन विचारतो, ‘त्याचं काय काम असेल आपल्याकडे?’ कोणी बोललंच नाही तर विचारतो, ‘त्याच्या मनात काय शिजतंय?’ अशा माणसाशी वहिनीने इतकी वर्षं संसार केला, याबद्दल तिला काहीतरी मिळायला हवं होतं. मिळालं काय, ते पुढे सांगते.

त्याचा धंदाही त्याच्या स्वभावाला शोभणारा. तो वजनकाटे दुरुस्त करतो. किराणा दुकानातले, भंगारवाल्यांचे, दवाखान्यात तान्ही बाळं ठेवतात ते, गोदामातले पोती चढवायचे. घराच्या पुढच्या भागात त्याचं दुकान आणि त्याच दुकानाच्या एका कोपऱ्यात माझं शिवणयंत्र. मी लग्न केलं नाही. कपडे उसवायचे, शिवायचे, आल्टर करायचे, यात माझं बरं चाललंय. मागे स्वयंपाकघर, दोन खोल्या, आणि स्वयंपाकघरातून गच्चीवर जाणारा अरुंद जिना. दादा काम करताना खोलीत बोललेलंही त्याला चालत नाही. पारडं स्थिर होईपर्यंत तो श्वास रोखतो. त्याने जुळवलेला काटा केसाचं वजन सांगतो, असं गिऱ्हाईक म्हणतात, आणि त्यावर दादा त्यांनाच विचारतो, ‘तुम्ही केस ठेवून बघितला होता का?’

माझा भाचा, म्हणजे दादाचा एकुलता एक मुलगा, शिक्षण झाल्यावर बापाच्या शेजारी बसू लागला. हात चांगला होता त्याचा. मला वाटायचं, आता दादा जरा सैल होईल. तसं काही झालं नाही. पोराने केलेलं प्रत्येक काम तो पुन्हा उघडून बघायचा. पोरगा मग जेवताना मान खाली घालून जेवायचा.

मग त्या गोदामवाल्याच्या काट्याचं प्रकरण झालं. काटा भाच्याने दुरुस्त करून बसवून दिला होता. थोड्याच दिवसांत तिथे माल विकायला येणाऱ्यांची तक्रार आली, की तो वजन कमी दाखवतो आणि फायदा गोदामवाल्याचा होतो. दादा जाऊन बघून आला. दुरुस्तीनंतर लावलेलं सील शाबूत होतं, वजन मात्र चुकत होतं. माझ्या भावाच्या मनात पाल चुकचुकली आणि मग ती गप्पच बसेना.

‘सील शाबूत आणि काटा खोटा,’ दादा दुकानाच्या मधोमध उभा राहून म्हणाला, ‘म्हणजे हात आपल्याच दुकानातला. काय घेतलंस त्याच्याकडून?’

‘बाबा, मी काही घेतलेलं नाही. बिघडला असेल आपोआप.’

‘आपोआप काही होत नसतं. हात लागल्याशिवाय काही हलत नाही.’

भाच्याने हातातला पाना खाली ठेवला, बूट घातले आणि तो गेला. परत आला नाही. दुसऱ्या शहरात एका कारखान्यात लागला. तेव्हापासून घरात त्याचं नाव निघालं, की दादा उठून जायचा. पुढे पुढे आम्ही नाव काढणंच सोडलं, निदान दादासमोर.

रिकामा झालेला तो कोपरा दादाला खायला उठत असणार. तसं तो कबूल करणार नाही. पण त्यानंतरच एका शाळेने प्रयोगशाळेतली जुनी अडगळ काढली आणि काटा दुरुस्तीच्या निमित्ताने तिथे गेलेला दादा खांद्यावर दुर्बीण टाकून घरी आला. वहिनी म्हणाली, ‘आता हे काय?’ दादा म्हणाला, ‘फुकट दिली. म्हणजे काहीतरी खोट असणारच.’ खोट शोधायला मिळणार म्हणून त्याचा चेहरा उजळला होता.

खोट नळीत नव्हती, नळी बरी होती. खोट होती नळी ज्यावर बसते त्यात. त्याला माउंट म्हणतात. तीन पायांवर एक लोखंडी मान आणि त्या मानेत दातेरी चाकं. आकाश सतत सरकत असतं म्हणे, म्हणून दुर्बिणीलाही त्याच चालीने हळूहळू फिरावं लागतं, नाहीतर तारा पळून जातो. नुसतं बघायचं तर हाताने फिरवत राहिलं की झालं. पण दादाला बघायचं नव्हतं. त्याला फोटो काढायचा होता.

‘डोळा फसतो,’ तो म्हणाला. ‘फोटो हा पुरावा असतो.’

पुरावा कशाचा, तर त्याने मासिकात मृग नक्षत्रातल्या एका तेजोमेघाचं चित्र बघितलं होतं. गुलाबी, पिसासारखा पसरलेला ढग. दादाला ठाम वाटत होतं, की तो रंगवलेला आहे. आकाशात गुलाबी काही नसतं, हे लोक दुकान चालवायला रंग भरतात, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, ‘अरे, आकाशाचं कसलं दुकान?’ तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच ब्रश घेऊन बसले होते.

तर माउंट उघडलं गेलं. आमच्या जेवणाच्या टेबलावर. आतून गुळासारखं काळं चिकट ग्रीस निघालं. दादाने सगळे भाग रॉकेलमध्ये धुतले, दात घासायच्या ब्रशने एकेक दात घासला. प्लॅस्टिकच्या चकत्या काढून तिथे बेअरिंग बसवली. आट्यांचा दांडा आणि दातेरी चाक यांच्यामध्ये जास्त जागा होती, तिथे पितळेचे पातळ पत्रे कापून सारले. भंगारातल्या प्रिंटरची मोटर काढून ती बसवली आणि तिच्यासाठी सर्किट जोडलं. घराला महिनाभर रॉकेलचा वास येत होता. वहिनी एका अक्षराने बोलली नाही. मी बोलले, पण माझं कोण ऐकतं.

सगळ्यात शेवटी त्याने तोल साधला. हे त्याचं खास काम. एका बाजूला नळी आणि कॅमेरा, दुसऱ्या बाजूला दांड्यावर वजनाची चकती. ती तो इकडून तिकडे सरकवत राहिला, नखाएवढी, मग नखाच्याही अर्ध्याएवढी. मग आम्हा दोघींना गच्चीवर बोलावलं, पकड सैल केली आणि नळीवर हलकी फुंकर मारली. ती एवढी जड वस्तू हळूच वळली आणि थांबली, ना या बाजूला कलली, ना त्या.

‘याला म्हणतात तोल,’ दादा म्हणाला. खरं सांगते, मलाही अभिमान वाटला.

संध्याकाळी अंधार पडला, की दादा ध्रुवतारा बघून माउंट लावायचा, दुर्बीण पूर्वेला उगवलेल्या मृगाकडे वळवायचा, कॅमेऱ्याचं बटण आपोआप दाबलं जाईल अशी सोय करून खाली यायचा. गच्चीवर माणूस चालला तरी स्लॅब हलतो, म्हणून तो स्वतःही वर थांबत नसे. मग जेवण, मग वर जाऊन फोटो आणायचे आणि कॉम्प्युटरवर बघायचे.

फोटोत प्रत्येक ताऱ्याला जुळं झालेलं होतं. एक ठिपका, त्याला लागून दुसरा, मध्ये बारीक रेघ. जणू दुर्बिणीला कोणी अधूनमधून टपली मारत होतं.

‘कोण गेलं होतं वर?’ दादाने विचारलं.

कोणी नाही, आम्ही म्हटलं. त्याने आमच्याकडे एकामागून एक बघितलं. काट्यावर पोतं ठेवल्यावर बघतो तसं.

दुसऱ्या संध्याकाळी त्याने माझ्या शिवणयंत्राला दोषी ठरवलं. यंत्राची थरथर भिंतीतून वर जाते म्हणे. मी अंधार पडल्यावर शिवायचं बंद केलं. तारे तसेच. मग शेजारच्या बँकवाल्यांचा पाण्याचा पंप. दादाने त्यांच्याकडे जाऊन पंप कधी लावता, का लावता, कोणाच्या सांगण्यावरून लावता, अशी उलटतपासणी घेतली. ते बिचारे पंप लवकर लावू लागले. तारे तसेच. मग मांजर. मग आम्ही. अंधार पडल्यापासून दादा फोटो उतरवेपर्यंत घरात कोणी चालायचं नाही, असा हुकूम निघाला. आम्ही दोघी खुर्च्यांवर हाताची घडी, तोंडावर बोट अशा बसलेल्या. मी एकदा विचारलं, ‘दादा, मोरीत जायचं असेल तर अर्ज करायचा का?’ त्याने खरंच विचार केला आणि मग ‘हळू जा’ म्हणाला.

तरीही तारे जुळेच.

आता त्याची खात्री पटली, की घरातलंच कोणीतरी त्याला फसवतंय. त्याने माझ्या रिळातला काळा दोरा घेतला आणि जिन्याच्या वरच्या दाराला आडवा बांधला. दार उघडलं तर दोरा तुटणार. ‘आता बघू,’ म्हणाला.

आणि इथे माझा जीव टांगणीला लागला. कारण वहिनी खरंच वर जात होती.

दुर्बिणीकडे नव्हे. ती फोनवर भाच्याशी बोलायला जायची. पोरगा कारखान्यातून सुटला, की संध्याकाळी आईला फोन करायचा आणि ती सुकलेले कपडे आणायच्या निमित्ताने गच्चीवर जाऊन, पाण्याच्या टाकीमागे उभी राहून त्याच्याशी बोलायची. घर सोडून गेला तेव्हापासून हेच चाललं होतं. मी जिन्यात लक्ष ठेवायची. दादाची दुर्बीण आली आणि ही एवढीशी वेळही गेली, एखाददुसरा चोरटा फोन तेवढा उरला. आणि नेमकं आत्ताच भाच्याने सांगितलं होतं, की त्याला समुद्रापलीकडे काम मिळालंय, काही वर्षांचा करार आहे, येत्या रविवारी निघायचंय. वहिनीला एकच हवं होतं, की जाण्याआधी बापाने त्याच्याशी दोन शब्द बोलावेत. ते कसं घडवायचं, हे ना तिला सुचत होतं, ना मला. पोरगा म्हणत होता, बाबा बोलावतील तर येईन, नाहीतर नाही. आणि बाबा तर घरात दोरे बांधत सुटले होते.

दोऱ्याचं मी बघितलं. दोरा माझाच, रीळ माझं, गाठ मारायला मी पोटासाठी शिकलेले. दादाला दुकानात कसं अडकवायचं, हाच प्रश्न होता. मी माझी मापाची टेप घेऊन त्याच्याकडे गेले.

‘दादा, ही टेप आणि तुझी स्टीलची पट्टी जुळत नाहीत. मला वाटतं, टेप खोटी आहे.’

त्याचे डोळे चमकले. माणूस भुकेला असला तरी ताटावरून उठेल अशी ही गोष्ट. दिवा जवळ ओढून, भिंग लावून तो टेपची एकेक खूण पट्टीशी लावून बघत बसला. तिकडे वहिनी दोरा तोडून वर गेली, बोलली, खाली आली. मी मोरीत जाऊन येते म्हणून उठले आणि नवा दोरा बांधला.  आपल्याच घरात, या वयात, चोरासारखं. मला दादाचा इतका राग आला, की जिन्यात बसून दोन मिनिटं मी त्याला मनातल्या मनात लाखोली वाहिली.

टेप खरंच खोटी निघाली. तो आनंद त्याने जेवणभर चघळला.

मग तो वर गेला, दोरा शाबूत बघून समाधानाने मान हलवली आणि अंधारातच कॅमेऱ्यातलं फोटोंचं कार्ड काढून खाली आला. कॉम्प्युटर लावला. आणि खुर्ची पुढे ओढली.

तारे टाचणीच्या टोकासारखे होते. प्रत्येक तारा एकटा, नेटका. एक फोटो नव्हे, त्या संध्याकाळचे शेवटचे सगळे. मधोमध तो ढग, आणि मी दादाच्या खांद्यावरून स्पष्ट बघितलं, तो फिकट गुलाबी होता.

‘आला की!’ मी म्हटलं. ‘अरे, गुलाबीच आहे तो!’

दुसरा कोणी असता तर नाचला असता. दादाच्या कपाळाला आठी पडली.

‘आजच कसा आला?’ तो म्हणाला. ‘सुरुवातीचे खराब आहेत. नंतरचे चांगले. मध्ये काय झालं?’

गुलाबी ढगाकडे त्याने परत बघितलंही नाही. टॉर्च घेऊन वर गेला. वहिनी भांडी पुसत होती. ती एकाएकी थांबली, तिने जिन्याच्या रिकाम्या खुंटीकडे बघितलं आणि पांढरी पडली. ‘वन्सं,’ ती पुटपुटली, ‘माझी चिमट्यांची पिशवी.’

दादा खाली आला तेव्हा ती त्याच्या हातात होती. कपड्यांना लावायच्या चिमट्यांची, मीच शिवलेली जाड कापडाची पिशवी. दोन बोटांत धरलेली. अंधारात एका हाताने फोन धरताना वहिनीने ती कुठेतरी अडकवली होती. ते ‘कुठेतरी’ म्हणजे दादाच्या दुर्बिणीचा वजनाचा दांडा.

‘ही वर कशी गेली?’ दादाने विचारलं. आवाज शांत होता. त्याचा आवाज शांत झाला, की मला जास्त भीती वाटते. ‘दोरा तर शाबूत आहे.’

‘दोरा मी परत बांधला,’ मी म्हटलं. ‘माझा दोरा आहे, मी बांधीन नाहीतर तोडीन.’

‘म्हणजे दोघी मिळून.’

‘वन्संना काही बोलू नका,’ वहिनी म्हणाली. तिने भांड्याचं फडकं टेबलावर टाकलं. ‘मी जाते वर. माझ्या मुलाशी बोलायला जाते. तो घरातून गेला तेव्हापासून बोलतेय. टाकीमागे उभी राहून, थंडीत, पावसात, आवाज दाबून. चोरी केल्यासारखी. तुमच्या दुर्बिणीला मी मुद्दाम हात लावलेला नाही. मला तिच्याशी काही देणंघेणं नाही. रविवारी तो समुद्रापलीकडे चाललाय, कधी येईल माहीत नाही. तुम्ही त्याला एकदा बोलवाल, म्हणून मी वाट बघतेय. आणि तुम्ही घरात दोरे बांधताय.’

एवढं सलग बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. बोलून झाल्यावर ती खुर्चीवर बसली आणि पदर डोळ्यांना न लावता, तशीच उघड्या चेहऱ्याने रडू लागली.

दादाने पिशवीकडे बघितलं. वहिनीकडे बघितलं. मग वळला आणि पिशवी घेऊन जिना चढून वर गेला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बायको रडतेय, पोरगा देश सोडून चाललाय, आणि हा पिशवी घेऊन प्रयोग करायला निघाला! मी त्याच्या मागोमाग वर गेले. आज काय ते बोलून टाकायचं ठरवलं होतं.

दादा दुर्बिणीशी वाकला होता. पिशवी न लावता त्याने एक फोटो काढला. छोट्या पडद्यावर मला दाखवला. तारे जुळे. मग दांड्यावर पिशवी अडकवली, पुन्हा काढला. आम्ही दोघं पुतळ्यासारखे उभे. तारे टाचणीसारखे. पिशवी काढली, पुन्हा जुळे. मी बोलायचं ठरवलेलं सगळं तोंडातच राहिलं, कारण मघाशी दोन बोटांत धरलेली ती पिशवी त्याने आता दोन्ही हातांत धरली होती. 

‘तोल,’ तो म्हणाला. ‘मी तोल फार नेमका साधला.’

‘मग?’

‘चाकांत थोडी मोकळी जागा राहतेच. कितीही पत्रे सारले तरी राहते. दोन्ही बाजू अगदी सारख्या असल्या, की दात कशालाच टेकत नाही. त्या जागेत इकडून तिकडे हेलकावतो. वारा आला, हेलकावला. काही नाही आलं, तरी हेलकावला. एका बाजूला थोडं जड असलं, की दात टेकून राहतो.’ तो थांबला. ‘कोणीच हात लावत नव्हतं गं. इतके दिवस. कोणीच नाही.’

‘आम्ही तेच सांगत होतो.’

त्याने दुर्बिणीच्या नळीवर हात ठेवला.  खाली वहिनीने नळ सोडल्याचा आवाज आला.

‘मग गोदामवाल्याच्या त्या काट्याला,’ दादाने विचारलं, ‘कोणाचा हात लागला होता?’

‘मला काय विचारतोस?’ मी म्हटलं. मला त्याची दया आली होती आणि म्हणूनच मी जास्त कडवट बोलले. ‘तेव्हा पोरगा तुझ्यासमोर उभा राहून सांगत होता. त्याला विचारायचं होतंस.’

त्या काट्याचं नेमकं काय बिघडलं होतं, ते आजही कोणाला माहीत नाही. गोदामवाल्याने तो केव्हाच भंगारात घातला. दादाला आता तो कधीच उघडून बघता येणार नाही. त्याच्यासारख्या माणसाला याहून मोठी शिक्षा मला सुचत नाही.

आम्ही खाली आलो. वहिनी ओट्याशी पाठमोरी उभी होती.

‘फोन दे तुझा,’ दादा म्हणाला.

ती वळली. तिच्या नजरेत भीतीच होती. फोन हिसकावून घेतील, नंबर पुसून टाकतील, असंच तिला वाटलं असणार. मलाही क्षणभर तसंच वाटलं. इतक्या वर्षांची सवय अशी एका संध्याकाळीत जात नाही.

‘माझ्या फोनवरून केला तर तो उचलणार नाही,’ दादा म्हणाला. ‘म्हणून मागतोय.’

वहिनीने फोन दिला. दादाने नंबर लावला आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. घंटा वाजत होती, ती आम्हा दोघींनाही ऐकू येत होती. मग भाच्याचा आवाज आला.

‘आई? आता परत कसा केलास? आत्या आहे ना जिन्यात?’

दादाने डोळे मिटले. ‘मी बोलतोय,’ तो म्हणाला. ‘बाबा.’

 मला वाटलं, पोराने फोन ठेवला. मग त्याचा आवाज आला आणि तो ओळखू येण्यासारखा नव्हता.

‘आईला काय झालं?’

‘काही नाही झालं.’

‘काय झालंय आईला? कुठे आहे ती?’

‘अरे, काही झालेलं नाही. ती इथेच आहे. मीच केलाय फोन. तू जाण्याआधी घरी ये, म्हणून सांगायला केलाय.’

‘बाबा, खरं सांगा.’ पोरगा आता रडत होता. ‘तुम्ही मला उगीच फोन करणार नाही. आईच्या फोनवरून तर नाहीच. दवाखान्यात आहे का ती? मी आत्ता निघतो, पण मला खरं सांगा.’

‘खरंच सांगतोय,’ दादा म्हणाला.  ‘मी खरं बोलतोय रे. माझ्यावर विश्वास ठेव.’

‘नाही. आधी आईचा आवाज ऐकवा.’

दादा उभाच राहिला. फोन कानाला, तोंड थोडं उघडं. माझ्या भावाला मी असा कधीच बघितला नव्हता. मग त्याने फोन कानापासून काढला आणि वहिनीपुढे धरला.

‘तूच सांग त्याला,’ तो म्हणाला. ‘त्याला माझं खरं वाटत नाही.’